घरचे मैदान : एका स्थलांतराची नोंद

विजयनगरच्या राजाने पंढरपूरचा विठ्ठल हंपीला नेला आणि पैठणच्या भानुदासांनी तो परत आणला, ही कथा वारकरी परंपरेत वाढलेल्या कोणालाही नव्याने सांगावी लागत नाही. इतिहासाच्या कसोटीवर तिच्यातले किती टिकते हा वेगळा प्रश्न आहे. हंपीच्या विठ्ठलमंदिराचा गाभारा आज रिकामा आहे, एवढे मात्र कोणीही जाऊन पाहू शकतो. पंढरपूरची आद्य मूर्ती कोणती, या प्रश्नाच्या निमित्ताने रा. चिं. ढेरे यांनी सोलापूर जिल्ह्यातल्याच माढ्याकडे बोट दाखवले, तेव्हा केवढी खळबळ उडाली, हेही मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या वादात मला येथे शिरायचे नाही. कथेने गृहीत धरलेली एकच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. देव गावातून गेला, तर तो परत मागण्याचा अधिकार भक्ताला असतो. राजाने मंदिर उभारले, वैभव दिले, तरी देव त्याचा झाला नाही. कारण त्याची वाट पाहणारी माणसे भीमेच्या काठी राहिली होती.

व्यावसायिक खेळांच्या इतिहासात याच्या नेमकी उलट कथा पुन्हापुन्हा घडलेली दिसते. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात ‘डॉजर्स’ हा बेसबॉलचा संघ होता. १९५७ चा हंगाम संपल्यावर त्याचा मालक वॉल्टर ओमॅली याने तो सुमारे चार हजार किलोमीटर दूर लॉस एंजेलिसला नेला. ब्रुकलिन ही कामगारांची आणि देशोदेशींहून आलेल्या माणसांची वस्ती. तिने वर्षानुवर्षे या संघाचे पराभव पाहिले होते. ‘वर्ल्ड सिरीज’चे विजेतेपद तिच्या वाट्याला एकदाच आले, १९५५ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी संघ गेला. ‘एबेट्स फील्ड’ हे त्याचे मैदान १९६० मध्ये पाडण्यात आले आणि त्या जागी राहत्या इमारती उभ्या राहिल्या. रॉजर कान याचे ‘द बॉइज ऑफ समर’ हे पुस्तक १९७२ मध्ये निघाले, म्हणजे संघ जाऊन पंधरा वर्षे उलटल्यावर. ते वाचताना जाणवते की, गेलेल्या संघाविषयीचा शोक हा एका पिढीच्या बालपणाविषयीचा शोक होऊन बसला होता. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा फुटबॉल क्लब मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तेथील पाठीराख्यांनी अधिक करारी मार्ग पत्करला. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला आणि खालच्या पायरीपासून सुरुवात केली. देव नेला तर नेला, आम्ही नवी प्रतिष्ठापना करू, असा तो बाणा होता.

‘पाठीराखा’ हा शब्द मी सहज लिहून गेलो, पण त्यावर थोडे थांबायला हवे. इंग्रजीतल्या ‘फॅन’साठी आपण चाहता, समर्थक, रसिक, पाठीराखा असे शब्द वापरतो. त्यांतला ‘पाठीराखा’ आपल्या भक्तिपरंपरेतून आलेला आहे आणि तिथे त्याची दिशा उलटी आहे. तिथे देव हा भक्ताचा पाठीराखा असतो. क्रीडापत्रकारितेत हा शब्द आला आणि राखणारा बदलला. आता अकरा जणांची पाठ राखण्याचे काम गॅलरीतल्या हजारोंकडे आले. ज्याची पाठ राखायची तोच रातोरात उठून गेला, तर राखणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मराठी मुलखात कधी पडला का? पडला होता, २०१६ च्या उन्हाळ्यात. पण तो पडल्याचे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण त्या उन्हाळ्यात लक्ष देण्यासारखे दुसरे बरेच काही होते.

त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन नको. सोलापूर शहराचे पाणी मुख्यतः उजनीवर अवलंबून. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचे हे धरण त्या उन्हाळ्यात मृतसाठ्यात गेले होते. उजनीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या पोटातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठाच असतो. त्यामुळे धरण ‘उणे’ झाले तरी दूरवर पाणी दिसत राहते आणि पाहुण्यांना आपली तक्रार खोटी वाटते. मराठवाड्याची स्थिती याहून बिकट होती. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. ‘जलदूत’ या नावाने ती पुढे देशभर गाजली. ती गाडी ज्या मार्गाने गेली तो मार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो : सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी. कधीकाळची बार्शी लाइट रेल्वेची ही वाट. ज्या गावांच्या स्वतःच्या नळांना पाणी नव्हते, त्यांच्या स्थानकांवरून दुसऱ्यांसाठी पाणी भरलेल्या वाघिणी पुढे जात होत्या. कोणी त्यांच्याकडे हावरेपणाने पाहिले असेल असे मला वाटत नाही. पण पाहिले असेलच.

दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला.

या आदेशाकडे वळण्यापूर्वी ज्या संघाला गाव सोडावे लागले त्याची कुळकथा सांगितली पाहिजे, कारण तीच मुळात स्थलांतराची आहे. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. पुण्याच्या नावाचा पहिला संघ ‘पुणे वॉरियर्स’. सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून तो हक्क घेतला. हा पुण्याचा संघ २०११ चे आपले ‘घरचे’ सामने खेळला नवी मुंबईत, कारण पुण्याबाहेर गहुंज्याला उभे राहत असलेले मैदान अजून तयार नव्हते. मैदान २०१२ मध्ये तयार झाले आणि पुढच्याच वर्षी सहाराने संघ सोडून दिला. मधल्या काळात कोलकात्याच्या सौरव गांगुलीने पुण्याचे नेतृत्व केले. ५ मे २०१२ रोजी हा पुण्याचा संघ ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध उतरला, तेव्हा तिथले प्रेक्षक दुभंगले. आपल्या गावाच्या संघाला टाळी द्यायची की परगावाचा गणवेश घातलेल्या आपल्या माणसाला, हे त्यांना ठरवता येईना. त्यांची ती कोंडी मला हेवा वाटावा इतकी श्रीमंत वाटली होती. पुण्याचा प्रेक्षक अशा कोंडीत सापडण्याइतका त्या संघात कधी गुंतलाच नाही. त्याला तेवढा वेळच मिळाला नाही.

दुसरा संघ आला तो बदली कामगार म्हणून. सट्टेबाजीच्या प्रकरणात न्या. लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी बाहेर काढले. त्यांच्या रिकाम्या जागी डिसेंबरात पुणे आणि राजकोट ही दोन शहरे आली. कोलकात्याच्या संजीव गोयंका यांच्या समूहाने पुण्याचा हक्क उणे सोळा कोटींच्या बोलीवर घेतला. उलटा लिलाव होता तो, जो कमी मागेल त्याला संघ. (उणे धरण आणि उणे बोली एकाच वर्षात पाहणे आमच्या नशिबी होते.) चेन्नईचा महेंद्रसिंग धोनी पुण्याचा कर्णधार झाला. ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ असे नामकरण झाले. मुदत दोनच वर्षांची, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत होते. परतीची तारीख ठरलेल्या पाहुण्यावर जीव लावावा की लावू नये?

तरीही माणसे जीव लावतात. २०१६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या वर्गातली मुले या संघाबद्दल ज्या हक्काने बोलत होती, त्यात मुदतीचा हिशेब कुठेच नव्हता. सोलापूर ते गहुंजे हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली तर दुपारपर्यंत पोचता येते, पण रात्रीचा सामना संपवून त्याच रात्री घरी परतायचे म्हणजे सगळी झोप रस्त्यावर सोडावी लागते. सोलापूरच्या माणसाला पुणे जवळचे नाही आणि परकेही नाही. शिक्षण, नोकरी, दवाखाना, सगळ्यासाठी तिकडेच जावे लागते आणि एकदा गेलेली मुले सहसा परत येत नाहीत. अशा गावातल्या मुलांना पुण्याच्या नावाचा संघ आपला वाटावा, यात मला तेव्हा थोडे आश्चर्य वाटले होते. आता वाटत नाही. मुंबईवर प्रेम करण्यासाठी मुंबईकर असावे लागत नाही. पण पुण्याच्या संघात त्यांना स्वतःचे उद्याचे गाव दिसत असावे.

आता न्यायालय. ‘लोकसत्ता मूव्हमेंट’ या संस्थेने जनहित याचिका केली होती. महाराष्ट्रातील सामन्यांसाठी मुंबई, पुणे आणि नागपूर येथील मैदानांवर सुमारे साठ लाख लिटर पाणी खर्च होईल, हा आकडा त्या वेळी सर्वत्र फिरत होता. न्या. कानडे आणि न्या. कर्णिक यांच्या खंडपीठाने क्रिकेट संघटनांना खडसावले. माणसे महत्त्वाची की सामने, असा प्रश्न न्यायालयात उभा राहिला. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वापरण्याची तयारी नियामक मंडळाने दाखवली, संघांनी मुख्यमंत्री निधीस रक्कम देऊ केली. सामने राज्याबाहेर गेले तरी हरकत नाही, असे मुख्यमंत्र्यांनी आधीच सांगून टाकले होते. शेवटी ३० एप्रिलनंतरचे सर्व सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश झाला. सोयीसाठी १ मेचा पुण्याचा एक सामना तेवढा ठेवू दिला. एप्रिलअखेर सर्वोच्च न्यायालयानेही हा आदेश कायम ठेवला. पुण्यातील बाद फेरीचे सामने दिल्लीला गेले आणि मुंबईचा अंतिम सामना बंगळुरूला. पंजाबच्या संघाने नागपुरात ठरवलेले सामनेही गेले. मुंबईच्या संघाने आधी जयपूर निवडले. तिथेही उच्च न्यायालयात पाण्याचाच प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा तो विशाखापट्टणमला गेला. पुण्याचा संघही तिथेच.

या निर्णयाबद्दल तेव्हा दोन मते होती आणि माझी स्वतःची दोन्ही होती. हिशेब करून पाहू. साठ लाख लिटर म्हणजे लातूरच्या पहिल्या गाडीसारख्या बारा गाड्या. पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले तर ही फार मोठी गोष्ट आहे. पण साठ लाख लिटर म्हणजे सहा हजार घनमीटर. पाटाने पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत वीस ते पंचवीस हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे राज्यातल्या सगळ्या सामन्यांचे पाणी वाचवून जेमतेम अर्धा-पाऊण एकर उसाची तहान भागली असती. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उजनीच्या दोन्ही काठांनी ऊस उभा आहे आणि त्याला कोणी न्यायालयात उभे केले नाही. क्रिकेट उभे करता आले, कारण ते दिसते. हिरवे गवत झगझगीत दिव्यांखाली रोज रात्री घरोघर दाखवले जाते. त्या हिरवेपणाचा राग येणे स्वाभाविक होते, आणि न्यायालयाने जे केले त्याला प्रतीक म्हणून अर्थ होता, हे मी नाकारत नाही. दुष्काळात लग्नाची वरात बंद ठेवावी तसे ते होते. पाणी वाचत नाही, पण लाज राखली जाते.

भूगोलाची एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे. गहुंजे आहे मावळात, पवनेच्या खोऱ्यात. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, आणि भीमा उजनीत येते. गहुंज्याच्या मैदानावर शिंपडले जाणारे पाणी आणि सोलापूरच्या नळाला येणारे पाणी एकाच नदीव्यवस्थेतले आहे. देहू तिथून फार दूर नाही. तुकोबांची पालखी ज्या पंढरपूरला जाते तिकडेच, उजनीवरून, हे पाणीही जाते. तेव्हा सोलापूरचा क्रिकेटवेडा मुलगा आणि सोलापूरचा तहानलेला नागरिक यांच्यातला संघर्ष हा दोन पक्षांचा नव्हता. तो एकाच माणसाच्या पोटातला होता.

माझ्या मते या स्थलांतराचे वेगळेपण येथे आहे. ब्रुकलिनच्या माणसाला शिव्या द्यायला ओमॅली होता. विम्बल्डनच्या माणसाला त्याच्या क्लबचे मालक होते. आमच्याकडच्या प्रेक्षकाला कोणावर रागवावे हेच कळत नव्हते. मालकाने संघ पळवला नव्हता. त्याला तर राहायचे होते. न्यायालयाने अन्याय केला, असे म्हणण्याची सोय नव्हती. पाण्याच्या नावाने झालेल्या गोष्टीबद्दल तक्रार करणे हे निर्लज्जपणाचे ठरले असते. आमच्या गल्लीत तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येत असे, तेही अवेळी. रात्रीचा सामना ऐन भरात असताना नळ वाजू लागला की घरातले सगळे उठत, पिंपे, घागरी, बादल्या भरल्या जात, आणि परत येऊन बसेपर्यंत दोन गडी बाद झालेले असत. त्या सामन्यांतली कोणती षटके मी पाहिली नाहीत, हे मला पाण्याच्या वारांवरून सांगता येईल. अशा घरात बसून ‘आमचा संघ गेला’ असे म्हणायचे कोणी? ते दुःख खरे होते, पण उच्चारण्याच्या लायकीचे नव्हते. साहित्याच्या वर्गात आपण मोठ्या दुःखांची चर्चा करतो; मोठ्या दुःखाशेजारी उभ्या असलेल्या लहान दुःखाची भाषा कशी असते, याची आपण फारशी चर्चा करत नाही. ते बहुधा विनोदाच्या आश्रयाला जाते. त्या दिवसांत माझ्या विद्यार्थ्यांनी टँकरवर, उजनीवर आणि धोनीवर जेवढे विनोद केले, तेवढे मी एरवी वर्षभरात ऐकले नव्हते.

१ मेचा सामना पाहायला त्यांच्यातले काही जण गेले. महाराष्ट्र दिन, रविवार, पुणे विरुद्ध मुंबई, आणि महाराष्ट्रातला त्या हंगामाचा शेवटचा सामना. पुणे आठ गडी राखून हरले. त्याआधी गहुंज्यातले दोन्ही सामनेही पुणे हरले होते, बंगळुरूविरुद्ध तेरा धावांनी आणि गुजरातविरुद्ध तीन गड्यांनी. या दुसऱ्या सामन्यात स्टीव्ह स्मिथचे शतकही वाया गेले. म्हणजे २०१६ मध्ये घरच्या मैदानावर पुण्याच्या प्रेक्षकाने आपल्या संघाचा एकही विजय पाहिला नाही. मुले दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. झोपेने तारवटलेली, पण नाराज नव्हती. कसे झाले विचारले, तर त्यांनी सामन्याबद्दल काही न सांगता मैदान किती सुंदर आहे ते सांगितले. गवताबद्दल बोलताना मात्र ती थोडी चाचरली.

विशाखापट्टणमला गेल्यावर संघाचे दैव फिरले. तिथल्या तीन ‘घरच्या’ सामन्यांतले दोन पुणे जिंकले. हंगामातल्या पुण्याच्या शेवटच्या सामन्यात, २१ मे रोजी, पंजाबविरुद्ध अखेरच्या षटकात तेवीस धावा हव्या असताना धोनीने विजय खेचून आणला. मैदान दणाणून गेले. त्या गर्जनेत पुण्याचे काय होते? विशाखापट्टणमचे धोनीशी जुने नाते आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानविरुद्ध १४८ धावा करून तो जगाला माहीत झाला, ते याच शहरात. त्यांच्यासाठी तो घरी आलेला होता. पुण्याचे नाव त्याच्या छातीवर होते एवढेच. दूरचित्रवाणीवर ते पाहताना मला आनंद झाला आणि त्या आनंदाला कुठे ठेवावे ते कळेना. आपल्या घरातले लग्न दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्यांच्याच वऱ्हाडासह पार पडावे, तसे काहीसे.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाल्यामुळे संघ गहुंज्याला परतला. नावातले अनेकवचन जाऊन तो ‘सुपरजायंट’ असा एकवचनी झाला, नेतृत्व धोनीकडून स्मिथकडे गेले, आणि २१ मे २०१७ रोजी हैदराबादेत मुंबईविरुद्धचा अंतिम सामना एका धावेने हरून दोन वर्षांची मुदत संपली. संघ विसर्जित झाला. कोणी मोर्चा काढला नाही, पुस्तकही लिहिले नाही. त्यानंतर पुण्याच्या नावाचा संघ आयपीएलमध्ये आलेला नाही. २०२२ मध्ये साथीच्या सावटामुळे साखळीतले सगळे सत्तर सामने मुंबई, नवी मुंबई आणि गहुंजे येथेच खेळवले गेले, त्यांपैकी पंधरा गहुंज्याला. सर्वांचे घर महाराष्ट्रात आणि पुण्याचे मात्र कोणीच नाही.

पाठीराखेपणाचा खरा धडा आम्हांला मिळाला तो मात्र मधल्या २०१८ मध्ये, आणि तो परक्यांकडून. चेन्नईचा संघ बंदी संपवून परतला होता. कावेरीच्या पाणीवाटपावरून तामिळनाडूत आंदोलन पेटलेले. १० एप्रिलच्या सामन्यात मैदानात जोडे फेकले गेले. पुन्हा पाणीच. चेन्नईचे उरलेले घरचे सामने हलवण्यात आले, आणि हलवले कुठे, तर गहुंज्याला. पवनेचे पाणी या सामन्यांसाठी वापरण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली, तो प्रसंग आणखी वेगळा. पण २० एप्रिलच्या पहिल्या सामन्यासाठी चेन्नईहून एक खास रेल्वेगाडी निघाली. ‘विसलपोडू एक्सप्रेस’ हे तिचे नाव, म्हणजे ‘शिट्टी वाजव’ गाडी. सुमारे हजार पाठीराखे पिवळे सदरे घालून तिच्यात बसले होते. चेन्नईहून पुण्याला यायचा लोहमार्ग गुंतकल, वाडी, सोलापूर, दौंड असा आहे. तेव्हा ती गाडी आमच्या गावावरूनच गेली.

तिची बातमी मी दुसऱ्या दिवशी वाचली आणि त्या गाडीचे चित्र बरेच दिवस मनातून गेले नाही. संघ गावाबाहेर गेला तर गाव उठून संघामागे निघाले. आपल्याकडच्या वारीची उपमा इथे कोणालाही सुचेल. मला ती अपुरी वाटते. वारीत देव जागच्या जागी असतो आणि भक्त चालत जातो. इथे देवच परमुलखात भाड्याच्या देवळात बसला होता, आणि भक्तांनी तिथे जाऊन त्या देवळाला आपले केले. भानुदासांनी जे केले त्याचीच ही आधुनिक, अर्धी आवृत्ती. ते देव परत आणू शकत नव्हते, म्हणून स्वतः गेले. त्या खर्चाचा भार संघाच्या चालकांनी उचलला होता हे मी विसरत नाही. भक्तीला प्रायोजक होता. तरी हजार माणसांनी एक रात्र गाडीत काढली, ती कोणी विकत घेतलेली नव्हती. त्या वर्षी चेन्नईने गहुंज्यातले सहापैकी पाच सामने जिंकले आणि पुढे विजेतेपदही. ज्या मैदानावर पुण्याच्या संघाला २०१६ मध्ये एकही विजय मिळाला नव्हता, तिथे पिवळ्या सदऱ्यातला धोनी घरच्यासारखा वावरत होता. आणि पुण्याचे प्रेक्षकही, सांगायला हरकत नाही, पिवळे झाले होते.

आपल्याकडे हे का घडले नाही? महाराष्ट्रात निष्ठा कमी आहे, हे उत्तर मला मान्य नाही. चेन्नईला २००८ पासून आठ हंगाम मिळाले होते, तोच कर्णधार, तोच रंग, तेच मैदान. सवय ही निष्ठेची आई आहे. पुण्याला पाच हंगाम मिळाले, ते दोन मालकांत, दोन नावांत आणि तीन शहरांतल्या ‘घरच्या’ मैदानांत वाटले गेले. शिवाय या संघांना गावाची गरज नावापुरतीच होती. याचा पुरावा पुढे मिळाला. २०२१ मध्ये गोयंकांच्या समूहाने ७,०९० कोटींना लखनौचा हक्क घेतला आणि नव्या संघाचे नाव ठेवले ‘लखनौ सुपर जायंट्स’. विशेषण तेच, विशेष्य बदलले. व्याकरणाच्या तासाला उदाहरण म्हणून देता येईल असे हे स्थलांतर आहे.

सोलापूरलाही या व्याकरणाचा अनुभव आला. २०२३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. सहा संघ, त्यांत एक ‘सोलापूर रॉयल्स’. आपल्या गावाचे नाव पहिल्यांदाच अशा झगमगाटात आले. मात्र सगळे सामने गहुंज्याला. सोलापूरचा संघ सोलापुरात एकही चेंडू खेळला नाही. २०२४ च्या दुसऱ्या हंगामात संघांची यादी आली तेव्हा तिच्यात सोलापूर नव्हते. ‘रायगड रॉयल्स’ होते. सोलापूर गेले, रॉयल्स राहिले. ब्रुकलिनमध्ये एका पिढीने ज्यासाठी अश्रू ढाळले, ते आमच्याकडे एका यादीतल्या एका शब्दाच्या बदलाने उरकले. वर्गात विचारले, तर असा संघ होता हेच निम्म्या मुलांना माहीत नव्हते. उरलेल्यांना तो आता नाही, हे माहीत नव्हते. याच लीगच्या पहिल्या हंगामात ज्याच्या तेरा षटकारांच्या शतकाचा गाजावाजा झाला, तो अर्शिन कुलकर्णी मूळचा सोलापूरचा. पण तो खेळला नाशिकच्या संघाकडून. पुढे त्याला आयपीएलमध्ये घेतले ते लखनौने. म्हणजे पुण्याहून गेलेले ते विशेषण आज सोलापूरच्या मुलाच्या छातीवर आहे. या गावाला हे नवे नाही. पॉली उम्रीगर यांचा जन्मही इथलाच म्हणून सांगितला जातो, आणि त्यांची कारकीर्द मुंबईची.

याच २०२४ च्या जानेवारीत इथल्या पार्क मैदानावर, म्हणजे आताच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर, बऱ्याच वर्षांनी रणजी करंडकाचा सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. महाराष्ट्राचा रणजी संघ कुठल्या समूहाच्या मालकीचा नाही आणि त्याचे नावही कधी बदललेले नाही. मी एका सकाळी तास संपवून तिथे जाऊन बसलो. शेजारी एक निवृत्त गिरणी कामगार होते, हातात पिशवी, पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी. त्यांना मणिपूरच्या खेळाडूंची नावे माहीत नव्हती आणि महाराष्ट्राच्या खेळाडूंचीही फारशी नव्हती. पण मणिपूरचा यष्टिरक्षक पुढे का उभा आहे, यावर त्यांनी माझ्याशी अर्धा तास वाद घातला. सीमारेषेजवळ गवताला पाणी मारणारा माणूस नळी ओढत चालला होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी मला विचारले, आज तुमच्याकडे पाणी आहे का? मी म्हटले, उद्या आहे.